शीतजलीय माशांच्या तंतुकणिकीय जनुकसंचाचे क्रमनिर्धारण

शीतजलीय माशांच्या तंतुकणिकीय जनुकसंचाचे क्रमनिर्धारण म्हणजे थंड पाण्यात राहणाऱ्या माशांच्या तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रिया) डीएनएचा संपूर्ण क्रम वाचण्याची प्रक्रिया होय. दिसायला सारख्या माशांच्या प्रजाती वेगळ्या ओळखणे, त्यांचे परस्परांशी असलेले नाते ठरवणे आणि नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्यापूर्वी मूळ वंश तपासणे, यांसाठी या माहितीचा उपयोग होतो. भारतात हिमालयातील असेला व सोनेरी महसीर, तसेच द्वीपकल्पाच्या डोंगराळ भागातील काही मासे शीतजलीय मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासात येतात. सह्याद्रीतील प्रवाह हिमालयातील नद्यांइतके थंड नाहीत. तथापि महसीर व ओढ्यांतील लहान मासे यांच्याबाबत येथेही हेच प्रश्न उपस्थित होतात.

जनुकसंचाची रचना

पेशीकेंद्रातील डीएनएव्यतिरिक्त तंतुकणिकांचा स्वतःचा लहान, वर्तुळाकार डीएनए असतो. बहुतेक माशांमध्ये त्याची लांबी सुमारे साडेसोळा हजार आधारजोड्या एवढी असते. त्यात ३७ जनुके असतात : १३ प्रथिनांची, २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमी आरएनएची. यांखेरीज एक नियंत्रक भाग असतो. तो तुलनेने लवकर बदलत असल्याने एकाच प्रजातीच्या निरनिराळ्या समूहांतील भेद शोधण्यास उपयोगी पडतो.

हा डीएनए सामान्यतः केवळ मातेकडून संततीकडे येतो. त्यामुळे त्यात मातृवंशाची अखंड नोंद राहते. एका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने अल्प ऊतीपासूनही तो मिळवता येतो. शिवाय त्यातील तेराही प्रथिने पेशीतील ऊर्जानिर्मितीशी निगडित आहेत. म्हणूनच थंड आणि विरळ हवेच्या प्रदेशातील माशांमध्ये या जनुकांत अनुकूलनाच्या खुणा आढळतात का, याचाही अभ्यास केला जातो.

पद्धत

माशाच्या परांचा लहानसा तुकडा कापून तो अल्कोहोलमध्ये ठेवतात. पर पुन्हा वाढत असल्याने मासा मारावा लागत नाही. ऊतीतून डीएनए वेगळा केल्यावर पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने (पीसीआर) त्याचे एकमेकांवर अंशतः येणारे तुकडे बहुगुणित केले जातात. प्रत्येक तुकड्याचा क्रम वाचून सामाईक भागांच्या आधारे संपूर्ण वर्तुळ जुळवले जाते. नव्या यंत्रांवर एकाच वेळी लक्षावधी तुकडे वाचता येत असल्याने हे काम पुष्कळ जलद झाले आहे. तयार झालेला क्रम जेनबँकसारख्या सार्वजनिक संग्रहात ठेवतात.

इतिहास

मानवी तंतुकणिकीय जनुकसंचाचा संपूर्ण क्रम १९८१ साली प्रसिद्ध झाला. माशांमधील पहिला पूर्ण क्रम १९९२ साली तैवानमधील डोंगरी ओढ्यात राहणाऱ्या एका लहान माशाचा होता. त्याची लांबी १६,५५८ आधारजोड्या होती. १९९४ साली सामान्य कार्प माशाचा १६,५७५ आधारजोड्यांचा क्रम प्रसिद्ध झाला. पुढे जपानी संशोधकांनी लांब तुकडे बहुगुणित करण्याची पद्धत माशांसाठी विकसित केल्यावर अशा क्रमांची संख्या झपाट्याने वाढली. भारतात भीमताल (उत्तराखंड) येथील शीतजल मत्स्यसंशोधन संस्थेने सोनेरी महसीर व असेला यांच्या जनुकसंचांवर काम केले आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

दख्खनच्या माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. मुळा-मुठेतील महसीरास त्यांनी 'खुद्री' आणि शिरूरजवळच्या घोड नदीतील दुसऱ्या माशास 'मुसल्ला' ही प्रजातिनामे दिली. ही नावे त्यांनी स्थानिक मराठी बोलीतून घेतली होती. कोल्हापूरच्या माशांवरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी माशांची ओळख खवले, पर व मिशा यांवरूनच केली जात असे.

माशांच्या वंशांचा विचार करताना अंतरापेक्षा पाणलोट महत्त्वाचा ठरतो. कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगराच्या उत्तरेस वारणेचे आणि दक्षिणेस पंचगंगेचे खोरे आहे. एका उतारावरील ओढ्यातील मासा डोंगर ओलांडून दुसऱ्या उतारावर जाऊ शकत नाही. या दोन खोऱ्यांना जोडणारा जलमार्ग हरिपूरजवळील वारणेच्या संगमापासून कृष्णेतून नृसिंहवाडीच्या पंचगंगा-संगमापर्यंत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ही फारकत आणखी मोठी होते, कारण तेथून काही प्रवाह पूर्वेस कृष्णेकडे, तर काही पश्चिमेस थेट अरबी समुद्राकडे जातात. अशा दीर्घकालीन विलगतेतून निर्माण झालेले वंशभेद तंतुकणिकीय डीएनएच्या तुलनेतून दिसू शकतात.

कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याजवळ हिरण्यकेशी नदीत आढळलेल्या 'पेथिया लाँगिकॉडा' या लहान माशाचे वर्णन २०१४ साली नवी प्रजाती म्हणून करण्यात आले. त्यात शरीररचनेच्या जोडीला तंतुकणिकेतील सायटोक्रोम-बी जनुकाचा आधार घेण्यात आला होता. याच नदीच्या आंबोली येथील उगमातून २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही प्रजाती वर्णिली गेली. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिचे हे वसतिस्थान जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

मत्स्यबीज आणि वंशशुद्धी

लोणावळा येथील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात दख्खनी महसीराचे (टॉर खुद्री) कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बीज अन्य राज्यांतही पाठवले गेले. १९७० च्या दशकापासून ते कावेरीतही सोडण्यात आले. कावेरीत मूळचा कुबड असलेला महाकाय महसीर होता, पण त्यास निश्चित शास्त्रीय नाव नव्हते. काही काळ त्यास चुकीने 'मुसल्ला' म्हटले जाई. २०१८ साली शरीररचना आणि तंतुकणिकीय जनुक या दोहोंच्या आधारे तो केरळातील पांबार नदीतून पूर्वी वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' असल्याचे स्पष्ट झाले. तोवर त्याची संख्या अत्यंत घटली होती आणि बाहेरून आणलेला दख्खनी महसीर त्या नदीत स्थिरावला होता. त्याच वर्षी 'टॉर रेमादेवी'ची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. एका नदीतील माशाच्या संवर्धनासाठी केलेले प्रयत्न दुसऱ्या नदीतील माशास घातक ठरू शकतात, हे या उदाहरणातून दिसून येते.

मर्यादा

तंतुकणिकीय डीएनए केवळ मातृवंश दाखवतो. स्थानिक मादी व परका नर यांच्या संकराची संतती या चाचणीत पूर्णतः स्थानिक भासते. म्हणून बीजकेंद्रांतील माशांची तपासणी करताना पेशीकेंद्रातील डीएनएही पाहावा लागतो. तंतुकणिकीय डीएनएचे काही तुकडे पेशीकेंद्रात गेलेले असतात आणि ते चुकून वाचले गेल्यास निष्कर्ष बिघडतो. संग्रहातील क्रमावर चुकीच्या प्रजातीचे नाव असल्यास ती चूक पुढील अभ्यासांतही उतरते. त्यामुळे मूळ नमुना संग्रहालयात जतन करणे आणि तो नेमका कोणत्या नदीतून घेतला याची नोंद ठेवणे आवश्यक मानले जाते.