सुटीतील चित्रवहीचा पूर्ववृत्तांत

उन्हाळ्याच्या सुटीत काखेला चित्रवही आणि पिशवीत वाचनालयाचे पुस्तक घेऊन समुद्रकिनारा गाठण्याची जी हौस बदलापूरच्या आमच्या हेंद्रेपाड्यातील शाळकरी मुलांत दिसते, तिला जुना आणि बराचसा विस्मृत इतिहास आहे. आणि त्यातील एक मोलाचे प्रकरण लांब कोठे नव्हे, तर शेजारच्या अंबरनाथास घडले आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळे मुंबईस 1857 साली कलाशाळा उघडली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी कल्याणहून अंबरनाथमार्गे पळसदरीपर्यंत आगगाडी धावू लागली होती. या दोहोंचा योग 1868 साली जुळून आला. अंबरनाथच्या शिवालयाची सचित्र नोंद व्हावी असा मुंबई सरकारचा हुकूम सुटला, आणि कलाशाळेतील टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थी सरंजामासह वालधुनी नदीच्या काठी दाखल झाले. शके 982 मधील, म्हणजे शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील, हे काळ्या पाषाणाचे देवालय नवशिक्याची कसोटी पाहणारे आहे. त्याची भिंत फार वेळ सरळ जातच नाही. कोनामागून कोन पुढे येतो, प्रत्येक कोनावर मूर्ती, मूर्तीच्या वर छज्जा, छज्ज्याखाली सावली, आणि सकाळी मोठ्या निगुतीने टिपलेली ती सावली दुपारपर्यंत जागा सोडून गेलेली असते. अशा भिंतीपुढे बसून त्या मुलांनी मापे घेतली, आराखडे काढले, शिल्पांचे प्लॅस्टरचे ठसे उतरविले. आणि जेम्स बर्जेस यांच्या ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात 1874 साली या देवालयाचे वर्णन छापले गेले, तेव्हा त्यांच्या श्रमाचे फळ विद्वानांच्या हाती पडले. ऊन-पावसाने झिजलेल्या या शिल्पांचे पूर्वरूप ताडून पाहावयाचे तर आजही त्याच कामाकडे वळावे लागते. परंतु टेरीसाहेबांचे नाव जसे दप्तरात राहिले, तसे त्या मुलांपैकी एकाचेही नाव आमच्या मुलखातील सामान्य वाचकाच्या ओठी नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढे 1872 पासून कलाशाळेचेच ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यातील लंडनला पाठविलेल्या बऱ्याचशा 1885 साली तेथील आगीत भस्मसात झाल्या.

हळूहळू एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळाशाळांतून रुजल्या आणि सरकारी हुकमाची जागा मुलांच्या हौसेने घेतली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, कर्तव्यभूमिती हे शब्द घरोघरी ऐकू येऊ लागले. त्यातही स्मरणचित्राने सुटीला मोठे महत्त्व आणले, कारण जे डोळे भरून पाहिले तेच पुढे वर्गात बसून कागदावर उतरवावयाचे असते. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांना हा पाठ किनाऱ्यावर आपोआप मिळे. दमट खाऱ्या वाऱ्यात जलरंगाचा हात लवकर वाळत नाही. आकाशाचा निळा ओघळून समुद्रात उतरतो, आणि ओली वाळू कोठे संपली व कोरडी कोठे सुरू झाली, हे रंग भरण्यापूर्वीच निरखून ठरवावे लागते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांच्यासारखे जलरंगाचे थोर उपासक याच कोकणपट्टीने दिले.

वाचनाचा या रेखाटनाशी असलेला संबंध मला त्याहूनही जिव्हाळ्याचा वाटतो. कोल्हापूरहून 1890 साली कलाशाळेत आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी पुढे एडवर्ड्‌स यांचे मुंबईविषयीचे पुस्तक आणि किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या दख्खनी कहाण्या सचित्र केल्या. कथेतील ओसरी, पाटावर बसलेली सवाष्ण, देवळाची पायरी ही त्यांनी प्रथम आपल्या माणसांत पाहिली होती, म्हणूनच ती पुस्तकात सजीव झाली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मवृत्त चित्रवही बाळगणाऱ्या प्रत्येक मुलाने सुटीत वाचावे, असा माझा आग्रह आहे.

हेंद्रेपाड्याशेजारून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीवाटे सागरास मिळते, आणि चिमाजी अप्पांनी 1739 साली जिंकलेल्या वसईच्या किल्ल्याची रेखाटने आमची मुले आवडीने करतात. वसईची वाट धरण्यापूर्वी त्यांनी एक सकाळ अंबरनाथास द्यावी. आणि बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयासारख्या ठिकाणी 1868 च्या त्या चित्रांच्या प्रती भिंतीवर लावता आल्या, तर त्या सकाळी कोणता कोन प्रथम काढावा हे मुलांना तेथूनच ठरवून निघता येईल.