चौकातले नाव

हॉलिवुडने मूकपटांच्या काळापासूनच तोतयाची कथा मोठ्या आवडीने सांगितली आहे. रेक्स इंग्रॅम यांच्या १९२२ सालच्या ‘प्रिझनर ऑफ झेंडा’त राजासारखा दिसणारा एक इंग्रज राजाच्या जागी उभा राहतो आणि कार्य होताच आपले मूळ नाव घेऊन निघून जातो. उसने नाव परत करता येते, असे या कथांत धरून चाललेले असते. आपल्या रंगभूमीलाही ही समजूत परकी नाही. शाकुंतलात अंगठी सापडते. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त (१९१६) तसबिरीचा घोटाळा उलगडतो आणि नायकिणीच्या घरची रेवती अश्विनशेठला मिळते.

लखनौच्या चौकात, गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांमधल्या त्या जुन्या पेठेत, ही समजूत टिकत नाही. मिर्झा हादी ‘रुसवा’ यांची ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. फैजाबादेहून पळवून आणलेली अमीरन सव्वाशे रुपयांना खानमच्या कोठ्यावर विकली जाते व तिची उमराव होते. नाव लादलेले खरे. परंतु अक्षरओळख, गाणे, काव्य, सारे तिला याच नावाने लाभते. तिच्याबरोबर पळवलेली रामदेई योगायोगाने बेगम होते. दोघींच्या दैवात अंतर पडले ते केवळ गिऱ्हाइकामुळे. १८५७ च्या धामधुमीत उमराव फैजाबादेस पोहोचते. आई तिला ओळखते, दोघी रडतात. भाऊ मात्र तिला निघून जावयास सांगतो. ओळख पटते, आणि म्हणूनच परतीची वाट बंद होते. येथे कादंबरीने अभिज्ञानाचा जुना संकेतच उलटा केला आहे.

‘रुसवा’ म्हणजे बदनाम. मराठी वाचकाने त्यात लटका राग शोधू नये. पुढे हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात काम केलेल्या या विद्वानाने कादंबरीपुरते हे नाव धारण केले. इतकेच नव्हे, तर ‘जुनून-ए-इंतजार’मध्ये उमरावच्या तोंडून स्वतःचीच कथा वदवून घेतली. लेखक आणि नायिका यांपैकी तोतया कोण, हा प्रश्न त्यांनी खुशाल मोकळा सोडला.

मुझफ्फर अली यांच्या १९८१ च्या ‘उमराव जान’मध्ये घरून परतलेली नायिका अखेरीस कोठ्यावरच्या धुळकट आरशासमोर उभी राहते. रूप रेखाचे, गळा मात्र सांगलीच्या आशा भोसले यांचा. संगीतकार खय्याम यांनी त्यांना नेहमीच्या पट्टीहून खाली गावयास लावले, आणि ओळखीचा तो आवाज चौकातल्या स्त्रीचा झाला.