मीटर नसलेलं टर्मिनल

मुंबई बंदरातल्या बुचर आयलंडला क्रूडचं जहाज लागलं की आम्ही सर्व्हेअर मंडळी आधी डेकवर चढायचो. टाकीत टेप सोडायची, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर, म्हणजे अलेज, वाचायचं. तापमान घ्यायचं, तळाचं पाणी तपासायचं, मग टाकीच्या तक्त्यात आकडा शोधायचा. हजार चौरस मीटरच्या टाकीत एका सेंटिमीटरचा फरक पडला, की साधारण ६३ बॅरल कागदावरून गायब. आणि हे बंदरातल्या संथ पाण्यात.

२००३च्या युद्धानंतर इराकचं निर्यातीचं तेल बरीच वर्षं असंच, जहाजाच्या टाक्यांवरून मोजलं गेलं, तेही इराकच्या दक्षिण टोकाच्या फाओपलीकडच्या उघड्या समुद्रात. बसरा टर्मिनलवर भरवशाचे मीटरच नव्हते.

कागदोपत्री व्यवस्था चोख होती. २२ मे २००३च्या सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने तेलविक्रीचे ५ टक्के कुवेतवरच्या आक्रमणाच्या भरपाईला आणि बाकीचे इराक विकास निधीत, असं ठरलं. पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत. देखरेखीला संयुक्त राष्ट्रं, नाणेनिधी, जागतिक बँक आणि अरब निधी यांचं मंडळ. मीटर बसवा, हा या मंडळाचा पहिल्यापासूनचा धोशा.

लोकांना आठवतात त्या नोटा. जवळपास १२ अब्ज डॉलर रोख, बहुतेक शंभराच्या नोटांत, लष्करी विमानांनी बगदादला गेले. वजन ३६३ टन. म्हणजे नोटांचं वजन ठाऊक, तेलाचं मात्र अंदाजाने! पुढे अमेरिकेच्याच महानिरीक्षकांनी २००५च्या जानेवारीत सांगितलं, की इराकी मंत्रालयांकडे गेलेल्या ८.८ अब्ज डॉलरवर पुरेसं नियंत्रण नव्हतं. एका मंत्रालयात ८,२०६ पहारेकऱ्यांचा पगार निघत होता, खात्री पटली ती फक्त ६०२ जणांची. बातमी झाली ती याचीच, आणि व्हायलाच हवी होती. पण पहारेकरी निदान मोजता तरी आले. टर्मिनलवरून किती तेल गेलं, हे पडताळायला मात्र जहाजाचाच आकडा हाताशी, म्हणजे माल नेणाऱ्याचा.

आमच्या धंद्यात लोडिंगचा आणि डिस्चार्जचा आकडा जुळला नाही तर दोन्हीकडचे लोक भांडायला बसतात, आणि त्या भांडणातूनच खरं माप निघतं. बसऱ्यात भांडायला इराकच्या हातात स्वतःचा आकडाच नव्हता. कुवेतवरच्या आक्रमणाची ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई मात्र मध्ये खंड पडत का होईना, २०२२च्या सुरुवातीला पूर्ण फिटली.