फळमाशीचा सापळा: आत मोजायचं काय?
वसई-विरारकडच्या वाड्यांत आंबा, चिकू, पेरू शेजारीशेजारी. एक फळ संपलं की फळमाशीला दुसरं तयारच! थंडीत ती कमी दिसते. आंबा पिकू लागला की झपाट्याने वाढते आणि पावसाच्या तोंडाशी फार छळते.

हा चढ कळायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मला पुरेसा वाटतो. पण त्यातलं मिथाइल युजेनॉल नरांनाच ओढतं. त्यामुळे सापळा भरला म्हणजे फळं वाचली, असं नाही. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, कोष मातीत होतात. मी दर आठवड्याला माश्या मोजून वहीत लिहितो. आकडा चढू लागला की पडलेली फळं रोज उचलून खोल पुरायची.