खो-खोतील आक्रमण

खो-खोतील आक्रमण म्हणजे बैठी रांग, खो आणि धाव यांच्या मेळातून पळणाऱ्या गड्यांना बाद करण्याची पद्धत होय. खो-खो हा वेगाचा खेळ मानला जात असला, तरी आक्रमणाचा कणा म्हणजे मध्यपाटीवर बसलेले आठ खेळाडू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमबद्ध रूप दिले. महाविद्यालयीन संघापासून राष्ट्रीय संघापर्यंत आक्रमणाची उभारणी आजही या रांगेभोवतीच होते.

मैदान व रचना

मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. दोन खांबांना जोडणाऱ्या मध्यपाटीला आठ आडव्या पाट्या छेदतात. या छेदांवरील चौकोनांत आठ खेळाडू बसतात आणि नववा पाठलाग करतो. लगतच्या दोन खेळाडूंची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असतात. खांबांपलीकडील भागास मुक्त क्षेत्र म्हणतात.

रांगेचे कार्य

पळणाऱ्यास दोन बैठ्या खेळाडूंमधून मध्यपाटी ओलांडता येते. पाठलाग करणाऱ्यास ती ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतल्यावर खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला मागेही वळता येत नाही. त्यामुळे एकटा धावक कितीही चपळ असला, तरी पळणारा पाटी ओलांडून सहज निसटतो.

ही उणीव रांग भरून काढते. खो पाठीमागूनच, स्पर्शासह व मोठ्याने द्यावा लागतो. ज्याची पाठ पाठलाग करणाऱ्याकडे असते, त्याचे तोंड पलीकडच्या बाजूस असते. साहजिकच प्रत्येक खोबरोबर पाठलाग मध्यपाटीच्या दुसऱ्या बाजूस जातो. मात्र एका बाजूने धावणाऱ्यास आठपैकी चौघांनाच खो देता येतो. त्या चौघांपैकी कोणाला व कोणत्या क्षणी खो द्यायचा, यावर आक्रमणाचे यश ठरते.

खो मिळण्यापूर्वी उठणे किंवा स्पर्श न करता खो देणे हा नियमभंग आहे. अशा वेळी पाठलाग करणाऱ्यास पळणाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे लागते आणि कोंडीत सापडलेला गडी सुटतो.

पळतीला उत्तर

संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. बैठ्या खेळाडूंमधून नागमोडी धावणे म्हणजे साखळी पळती, तर काही खेळाडूंच्या गटाला वळसे घालणे म्हणजे गोल पळती. साखळी मोडण्यासाठी खो देण्याची हूल देऊन पुढे जाणे, लागोपाठ जलद खो देणे आणि पळणाऱ्याला खांबाकडे रेटणे हे उपाय योजले जातात. खांबाजवळ त्याच्या वाटा कमी होतात. तेथे एका हाताने खांब धरून सूर मारत त्याला टिपता येते. तुकडीतील तिसरा गडी बाद करणाऱ्याने नव्या तुकडीचा पाठलाग न करता लगेच खो देणे आवश्यक असते.

जागांची निवड

खांबांलगतच्या जागी उंच, लांब हाताचे व सूर मारण्यात तरबेज खेळाडू बसवणे हितकारक ठरते. मधल्या जागी क्षणार्धात उठून वेग घेणारे खेळाडू उपयोगी पडतात. उठताना दोन्ही पावले समांतर ठेवण्याची एक पद्धत आहे; दुसरीत एक पाऊल पुढे व एक मागे ठेवून धावशर्यतीप्रमाणे झेप घेतात.

महाविद्यालयीन संघ

लातूर जिल्ह्यातील उदगीरची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. अशा संघात पहिल्या प्रतीचे धावक मोजकेच असू शकतात. ९ मिनिटांच्या डावात प्रत्येक गडी बाद करण्यास सरासरी ६० सेकंद लागले, तर ९ गडी बाद होतात. हाच वेळ ४५ सेकंदांवर आणल्यास १२. ही १५ सेकंदे केवळ वेगाने वाचत नाहीत. अचूक खो, विनाविलंब उठणे आणि नियमभंग टाळणे यांनी वाचतात. सरावाने साध्य होणारी ही कौशल्ये असल्याने साधारण वेगाच्या संघालाही ती सामना जिंकून देऊ शकतात.

अलीकडील बदल

२०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकले. मराठवाड्यातील धाराशिवच्या सारिका काळे या खेळाडूस २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वझीर’ आला. तरीही उरलेले आक्रमक रांगेतच बसतात आणि खोशिवाय उठत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीतील पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला महिला गटात ७८-४० व पुरुष गटात ५४-३६ असे नमवले. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर सराव करणाऱ्या ग्रामीण संघांना त्यामुळे पावलांची पकड, उठण्याची लय आणि सुराचे अंतर नव्याने जुळवून घ्यावे लागते.