दीर्घ अपस्मार झटका आणि मेंदूच्या प्रतिमा

अपस्माराचा झटका, ज्याला बोलीभाषेत फीट किंवा आकडी म्हणतात, बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. तो थांबला नाही, किंवा एकामागून एक झटके येत राहिले आणि मधल्या काळात रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर त्या अवस्थेस वैद्यकशास्त्रात ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ असे म्हटले जाते. पूर्वी यासाठी ३० मिनिटांची मर्यादा मानली जात असे. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेच्या २०१५ च्या व्याख्येत मात्र दोन वेळा दिलेल्या आहेत. सर्वांगाचा झटका ५ मिनिटांहून अधिक लांबला की तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून उपचार तेथूनच सुरू करावयाचे. आणि ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका संभवतो.

एमआरआय तपासणीमुळे या इजेच्या खुणा रुग्णाच्या हयातीतच पाहता येऊ लागल्या. तथापि, प्रतिमेत दिसणारा प्रत्येक डाग ही कायमची इजा नसते, आणि तो झटक्याचे कारणच असेल असेही नाही. कित्येकदा तो झटक्याचा तात्पुरता परिणाम असतो. हा भेद ओळखण्यावर पुढील उपचारांची दिशा अवलंबून असते.

झटक्याच्या काळात चेतापेशी अखंड विद्युतसंदेश सोडत असतात. त्यांची प्राणवायूची व ग्लुकोजची गरज फार वाढते. प्रारंभी त्या भागाचा रक्तपुरवठाही वाढतो, परंतु झटका लांबला की तो गरजेला पुरा पडत नाही. पेशीतील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा दुबळी होते, सोडियमबरोबर पाणी आत शिरते आणि पेशी फुगतात. ग्लुटामेट या रसायनाच्या अतिरेकामुळे पेशींमध्ये कॅल्शियम साचते व त्यातून काही पेशी मरतात. फुगलेल्या भागात पाण्याच्या रेणूंची हालचाल मंदावते. ‘डिफ्यूजन’ प्रकारचा एमआरआय हीच हालचाल मोजतो, त्यामुळे तो भाग प्रतिमेत पांढराशुभ्र दिसतो. ही इजा केवळ श्वास अडल्यामुळे किंवा रक्तदाब घसरल्यामुळे होत असावी, अशी शंका एकेकाळी होती. ब्रिटिश संशोधक ब्रायन मेल्ड्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बबून माकडांवर प्रयोग केले. स्नायू शिथिल करून, कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवूनही दीर्घ झटक्यानंतर माकडांच्या मेंदूतील पेशी मेलेल्या आढळल्या. अर्थात, चेतापेशींची अखंड खळबळ स्वतःच घातक ठरत होती.

हे बदल प्रामुख्याने मेंदूच्या बाह्य थरात, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये आणि थॅलॅमसच्या मागील भागात आढळतात. क्वचित मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागील टोकाला लंबगोल डाग दिसतो. विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूवरही कधी परिणाम होतो.

खरी अडचण निदानाची असते. झटक्यानंतर काही रुग्णांचा एक हात-पाय तात्पुरता लुळा पडतो. त्यात डिफ्यूजन प्रतिमेत पांढरा भाग दिसला तर पक्षाघाताचा संशय येणे स्वाभाविक आहे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावयाचे असते, त्यामुळे विचाराला वेळ थोडा असतो. अशा वेळी दोन गोष्टी उपयोगी पडतात. पक्षाघाताचा डाग एखाद्या रक्तवाहिनीच्या क्षेत्रापुरता असतो, झटक्याचा डाग अशी सीमा सहसा पाळत नाही. शिवाय पक्षाघातात त्या भागाचा रक्तप्रवाह घटलेला असतो, तर झटका चालू असताना तो बहुधा वाढलेला आढळतो. हर्पिस विषाणूमुळे मेंदूला येणारी सूजही जवळजवळ अशीच दिसते आणि ती स्वतः झटक्यांचे कारण असते. म्हणून पाठीच्या मणक्यातील पाण्याच्या तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच डॉक्टर विषाणूविरोधी औषध सुरू करतात.

कारण व परिणाम यांच्या या गुंत्याचा भारताला जुना अनुभव आहे, मात्र तो उलट दिशेचा आणि साध्या, थोड्या वेळाच्या झटक्यांबाबतचा. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन यंत्रे आली तेव्हा झटका येऊन गेलेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत कडीसारखा उजळ, लहानसा डाग दिसू लागला. क्षयरोगाच्या या देशात तो क्षयाची गाठ समजला गेला आणि रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देण्यात आली. परंतु ही औषधे न घेतलेल्यांचे डागही कालांतराने नाहीसे होत. त्यामुळे हा डाग झटक्याचाच परिणाम असावा, असेही मत पुढे आले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शल्यचिकित्सकांनी असे डाग शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९८९ ते १९९१ या काळात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक डागांमागे डुकरातील फीतकृमीची मरू घातलेली अळी होती. येथे डाग कारणाचा होता आणि तो परिणामाचा समजला गेला होता.

लहान मुलांतील दीर्घ तापझटक्यांबाबत अमेरिकेतील ‘फेबस्टॅट’ या अभ्यासाने महत्त्वाची माहिती दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस नीट दिसू शकलेल्या १९१ मुलांपैकी २२ मुलांत त्या भागाची चमक वाढलेली किंवा तसा संशय घेण्याजोगी होती. त्यांपैकी १४ जणांची वर्षभरानंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा १० जणांचा हिप्पोकॅम्पस आक्रसून कठीण झालेला आढळला. असा व्रण पुढे औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचे उगमस्थान ठरू शकतो. त्यावर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. मात्र बहुतांश मुलांत सुरुवातीची प्रतिमा निर्दोष होती, ही बाब पालकांना दिलासा देणारी आहे.

झटका आलेल्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही; तो आपल्याच गतीने थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटे उलटली तर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकात मारावयाचा फवारा असल्यास तो सांगितलेल्या मात्रेत वापरता येतो. झटका किती वाजता सुरू झाला व किती वेळ टिकला, हे रुग्णालयात आवर्जून सांगावे, कारण एमआरआयचा अर्थ लावताना ही वेळ फार उपयोगी पडते. प्रतिमेत संशयास्पद डाग दिसल्यास काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला जातो. झटक्यामुळे आलेली सूज असेल तर तोपर्यंत ती बहुधा ओसरलेली असते. डाग कायम राहिला किंवा वाढला, तर संसर्ग, गाठ अथवा अन्य आजाराचा शोध पुढे सुरू होतो.