मूत्रपिंडविकारातील ड-जीवनसत्त्वाची कमतरता
मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात ड-जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. त्वचेत सूर्यप्रकाशामुळे तयार झालेले किंवा आहारातून आलेले हे जीवनसत्त्व प्रथम यकृतात २५-हायड्रॉक्सी रूप घेते (रक्तचाचणीत हेच मोजतात) आणि नंतर मुख्यतः मूत्रपिंडात कॅल्सिट्रायॉल या सक्रिय संप्रेरकात बदलते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की हा शेवटचा टप्पा मंदावतो. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, रक्तात फॉस्फेट साचते, परावटू ग्रंथी अधिक संप्रेरक स्रवतात आणि हाडांतील कॅल्शियम ओढले जाते. त्यामुळे अशा रुग्णास केवळ ऊन पुरत नाही. गरजेनुसार कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल द्यावे लागते.

अहिल्यानगरलगतचे केडगाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असून तेथे दुपारचे निरभ्र ऊन वर्षभर हे जीवनसत्त्व तयार करू शकते. मात्र ऊन असणे आणि ते अंगावर पडणे या भिन्न गोष्टी आहेत. मुंबईतील २५ ते ३५ वयाच्या निरोगी व्यक्तींच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्के जणांत कमतरता आढळली होती.

ऑस्टिओपोरोसिसमध्ये झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन देण्यापूर्वी ही कमतरता भरून काढतात. अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मूत्रपिंडविकारही असल्यास डेनोसुमॅबनंतर हा धोका अधिक असतो.

भारतात ६०,००० एककांची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळापुरती देतात. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडासच इजा होऊ शकते.